पाठ कुणी लावली?

माझ्या धाकट्या भावाचा सत्कार असला की मी शक्यतो मागच्या रांगेत बसते. पुढे बसलं की भाषण करताना त्याची नजर माझ्याकडे जाते, आणि नजर गेली की तो अडखळतो. शाल झाली, नारळ झाला, की कुणीतरी विचारतंच, "पैलवान, पहिल्या लढतीबद्दल दोन शब्द सांगा." आमच्या सोलापुरात बॉक्सिंगवाल्यालाही पैलवानच म्हणतात. ते सुधारायचा नाद त्यानं केव्हाच सोडला. मग तो सांगतो: गड्ड्याची जत्रा, भरगच्च तंबू, समोर सिंगापूरचा कसलेला गडी, तिसरी फेरी, उजवा हात, आणि खेळ खलास. टाळ्या पडतात. पुढे देशाचा विजेता झालेल्या माणसाची सुरुवात अशीच झाली असणार असं लोकांना वाटतं, त्यात लोकांची काही चूक नाही.

उजवा हात खरा आहे. खेळ मात्र तिथं खलास झाला नाही. त्यानंतर जे झालं त्यात मी होते, म्हणून मीच लिहिते. तो काही लिहायचा नाही.

आमचं भुसाराचं आडत दुकान होतं. ज्वारी, तूर, करडई. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि राग आला की अप्पांच्या तोंडी दोन्ही. अप्पा म्हणजे आमचे वडील. तरुणपणी ते पैलवान होते. अक्कलकोटच्या बाजूच्या जत्रांमधून त्यांनी कुस्त्या मारल्या होत्या आणि त्याची खूण म्हणून त्यांचे दोन्ही कान फुटलेले, चिंचोक्यासारखे घट्ट झालेले होते. पुढे दुकान वाढलं, पोट वाढलं, तरी माणसाची पारख ते मानेवरूनच करत. मला सांगून आलेलं एक चांगलं नोकरीतलं स्थळ त्यांनी "मान बारीक हाय" एवढ्यावर परत पाठवलं होतं. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे, पण मानेमुळे नाही.

मी तेव्हा नुकतीच नर्सिंगचा कोर्स पुरा करून सरकारी दवाखान्यात लागले होते. माझ्याबरोबर शिकलेल्या दोघी मुंबईला मोठ्या दवाखान्यात गेल्या होत्या आणि मलाही ये म्हणत होत्या. घरी मी विषय काढला नव्हता. "शिकलीस, नोकरी करतीस, लई झालं. येशीभायेर न्हाय," असं अप्पांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मी काही विचारलं नसताना.

भावाला त्यांनी लहानपणापासून तालमीत घातला होता. तो रोज पहाटे लंगोट घेऊन निघायचा आणि अंगाला तांबडी माती लावून परत यायचा. माती खरी होती, तालमीतलीच होती. फक्त ती तो एका डब्यात भरून बरोबर नेत असे, हे मला फार नंतर कळलं. तालमीऐवजी तो रूळ ओलांडून रेल्वे कॉलनीत जायचा. तिथं एक म्हातारे अँग्लो-इंडियन गृहस्थ राहत. उभा जन्म इंजिन चालवण्यात गेलेला, निवृत्त होऊनही सोलापूर सुटलेलं नाही. त्यांना सगळे डायव्हरसाहेब म्हणत. त्यांच्या अंगणातल्या लिंबाच्या झाडाला वाळूचं पोतं टांगलेलं होतं आणि माझा भाऊ त्या पोत्याला बुक्क्या मारायला जात होता.

घरी पहिला संशय आला तो अव्वाला, आमच्या आईला. आम्ही लिंगायत, आमच्या घरात अंड्याचं टरफलही कधी आलेलं नाही. आणि हा सकाळी जवळ आला की त्याच्या तोंडाला वेगळाच वास.

"कसला रे वास?"

"औषधाचा," भाऊ म्हणाला आणि माझ्याकडे बघू लागला. "अक्काला विचार की. अक्का, औषध आहे का न्हाय?"

"औषधच आहे," मी म्हटलं. "कोंबडीचं."

अव्वानं आठवडाभर त्याचं ताट वेगळं ठेवलं, पण अप्पांना सांगितलं नाही.

अप्पांना कळलं ते बॉक्सिंगच्या ग्लोव्हजमुळे. घरात लपवायला जागा नाही म्हणून त्यानं ते दुकानात, मागच्या थप्पीतल्या एका पोत्यात खुपसले होते. नेमकं ते पोतं विकलं गेलं. हमालानं तोंड सोडलं, आणि बार्शीच्या गिऱ्हाइकासमोर ज्वारीबरोबर दोन लाल, फुगीर ग्लोव्ह काट्यावर येऊन पडले.

"ह्ये काय हाय?" अप्पांनी विचारलं.

"बॉक्सिंगचे हायत अप्पा. हातात घालायचे."

"घालून?"

"मारायचं."

अप्पांनी एक ग्लोव्ह दाबून बघितला, दुसरा बघितला. "मारायचं तर हाताला उशी कशाला बांधायची रे? मार तरी, न्हाय तर नीज तरी."

गिऱ्हाईक हसलं. भाऊ हसला नाही. त्याला त्या उशांचं खरंच वेड लागलेलं होतं, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट दिसलं.

त्यानंतर चारेक दिवसांनी डायव्हरसाहेब स्वतः घरी आले. कडक इस्त्रीची पँट, हातात टोपी. मुंबईत त्यांच्या ओळखीच्या एका उस्तादाकडे बॉक्सिंग शिकवतात. तिथं राहून हा पोरगा तयार होईल, पैसे घेऊन खेळेल, नाव काढेल, असं त्यांचं म्हणणं होतं. "अप्पासाब, लडका बहुत अच्छा है. उसको जाने देव." अप्पांनी त्यांना चहा दिला, पान दिलं, पोटभर ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गड्ड्यात तो तंबूवाला बॉक्सिंग लावतोय म्हणं यंदा. तितं ह्यो उतरू दे. माझ्या डोळ्यांदेखत समोरच्याला चीत करू दे. मग जा म्हणावं मुंबईला. न्हाय जमलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गादीवर बसायचं आणि उशांचं नाव काढायचं न्हाय."

आणि त्यांनी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला.

लिंगावर हात ठेवून बोललेला शब्द अप्पांनी कधी फिरवला नव्हता. बाजारातही त्यावर व्यवहार होत. भाऊ लगेच "व्हय" म्हणाला. डायव्हरसाहेबही खूश झाले. भावाला वाटलं, चीत करायचं म्हणजे हरवायचं. डायव्हरसाहेबांना वाटलं, चीत म्हणजे समोरचा आडवा पडून दहा आकडे मोजेपर्यंत उठला नाही पाहिजे. अप्पांना काही वाटायचा प्रश्नच नव्हता. चीत म्हणजे चीत. पाठ जमिनीला, तोंड वर. जन्मभर त्यांनी त्या शब्दाचा दुसरा अर्थ ऐकलेला नव्हता. मी आत कपबशा विसळत होते; हा सगळा घोळ एका शब्दाचा आहे हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

गड्ड्याची जत्रा म्हणजे आमच्याकडे संक्रांतीच्या सुमाराला भरणारी मोठी जत्रा. पाळणे, सर्कस, मौत का कुआँ, भांड्यांची दुकानं. त्या वर्षी एका तंबूवाल्यानं सर्कशीशेजारी बॉक्सिंगचा तंबू टाकला होता. मधे फळ्यांचा चौथरा, त्यावर गिरणीतला रद्दी कापूस, त्यावर ताडपत्री. चार बाजूंच्या दोरांना कारखान्यातले बाद झालेले टॉवेल गुंडाळलेले. फेरीची घंटा शेजारच्या सर्कशीतून उसनी आणली होती; ती हत्तीच्या गळ्यातली होती, आणि वाजली की शेजारून हत्ती ओ द्यायचा.

तंबूवाला हुशार होता. सोलापुरात तिकीट काढून बुक्क्या बघायला कोण येणार? कुस्तीचं गिऱ्हाईक हवं. म्हणून त्यानं दोन गोष्टी केल्या. हलगीवाले बसवले, आणि 'मानाचे पंच' म्हणून आमच्या अप्पांना फेटा बांधून चौथऱ्याला लागून खुर्ची दिली. स्वतःच्या मुलाच्या लढतीला बाप पंच कसा, असं कुणीही विचारलं नाही. अप्पांना ओळखणाऱ्यांना काळजी होती ती मुलाची. खरे पंच वेगळेच होते, एका शाळेतले ड्रिलमास्तर. त्यांनी नियमांचं पुस्तक वाचलेलं होतं आणि ते शर्टाच्या खिशात दिसेल असं ठेवलं होतं.

माझं तिथं काय काम? तर जाहिरातीत 'डॉक्टर हजर' असं छापलेलं होतं आणि ज्यांनी कबूल केलं होतं त्या डॉक्टरांना त्याच दिवशी गावाला जायचं निघालं. भाऊ दुपारी दवाखान्यात धावत आला. "अक्का, तू ये. पांढऱ्या साडीतच ये, बदलू नको."

"मी डॉक्टर नाही."

"कुणाला कळतंय? कापूस आणि आयोडीन आण म्हणजे झालं."

मी गेले. वाटेत भेटलेल्या अव्वानं देवळात जाता जाता माझ्या पिशवीत हळदीची पुडी टाकली आणि म्हणाली, "नाक सांभाळ म्हणावं त्याला. लगीन व्हायचंय अजून." तंबूत पोचते तर भोंग्यावर चालू होतं: "मुंबईहून खास आलेल्या लेडी डॉक्टर!" अप्पांनी मान वळवून लेडी डॉक्टरकडे पाहिलं, ओळखलं, आणि परत समोर पाहायला लागले.

समोरचा गडी 'सिंगापूरचा सिंह' म्हणून आला. अंगात चकचकीत झगा, तोंडात दात सांभाळायचं रबर, त्यामुळे बोलायचा प्रश्न नव्हता. पलटणीत बॉक्सिंग शिकलेला, तिशी ओलांडलेला, जाड मानेचा. अप्पांनी त्याची मान बघून मान डोलावली. मला काळजी वाटली ती तेव्हा.

घंटा झाली. हत्तीनं ओ दिली. हलगी सुरू झाली.

डायव्हरसाहेबांनी भावाला शिकवलं होतं की पाय थांबवायचे नाहीत. मारायचं आणि सरकायचं. आता तंबूतले लोक सगळे कुस्तीतले, हत्तूर-बोरामणीपासून आलेले. त्यांना हे सरकणं सहन होईना.

"पळतंय काय ते?"

"आरं भीड की! पट काढ, पट!"

"पायाला हात घाल, मोकळाय बघ!"

पायाला हात घातला असता तर मास्तरांनी त्याला तिथंच बाद केला असता. भाऊ सरकत राहिला. मागून एकजण ओरडला, "नाचायचंय तर पलीकडच्या फडात जा की रं!" तंबू हसला. अप्पा हसले नाहीत. ते कधी डायव्हरसाहेबांकडे, कधी भावाच्या पायांकडे बघत होते. हे काय चाललंय, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट होतं.

फेरी संपल्यावर भाऊ कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला. डायव्हरसाहेबांनी पाणी दिलं, टॉवेलनं वारा घातला. त्यानं तर लोकांचा फारच विरस झाला.

"बसलं की! दमलं व्हय?"

"वारा घाला, वारा घाला. नवरदेव हाय."

दुसऱ्या फेरीत सिंहानं भावाच्या नाकावर एक दिली. रक्त आलं. मी उठले, लांबूनच पाहिलं, नाक सरळ होतं, परत बसले. नाकाच्या रक्ताला लोक घाबरतात, पण ते दिसतं तेवढं नसतं. लोकांना मात्र रक्त आवडलं. काहीतरी चाललंय हे पहिल्यांदा पटलं. हलगी जोरात झाली. भावाचे पाय जड झाले होते. कोपऱ्यात आला तेव्हा तो डायव्हरसाहेबांकडे न बघता अप्पांकडे बघत होता. दुकानाची गादी त्याला तिथून दिसत असावी.

तिसरी फेरी तो सांगतो तशीच झाली, त्यात मी काही काढून घेत नाही. सिंह पुढे आला, भावानं डावा हात पोटात दिला, सिंहाचे हात खाली आले, आणि उजवा हनुवटीवर. मी पुढे त्याच्या पुष्कळ लढती पाहिल्या, पण इतका स्वच्छ उजवा हात क्वचितच. सिंह क्षणभर तसाच उभा राहिला, घरी काहीतरी विसरून आल्यासारखा. मग गुडघे वाकले आणि तो पुढच्या बाजूला, तोंडावर, ताडपत्रीवर पालथा झाला.

मास्तर मोजू लागले. "एक... दोन..."

भुसार बाजारातली मंडळी बरीच होती. त्यांना लिलावाची सवय. "तीन" म्हटल्याबरोबर त्यांनी "सौदा झाला!" म्हणून टोप्या उडवल्या. मास्तर घाम पुसत दहापर्यंत गेले. सिंह हलला नाही. मास्तरांनी भावाचा हात धरून वर उचलला.

आणि तंबू ओरडला, "चीत न्हाय! पाठ लागली न्हाय!"

मास्तर गोंधळले. सगळा तंबू अप्पांकडे बघत होता. मानाचे पंच सावकाश उठले, फेटा सारखा केला, चौथऱ्याशी आले, वाकून पाहिलं, आणि दोन्ही पंजे हवेत हलवले. कुस्तीत ह्याचा अर्थ एकच: निकाल नाही, चालू द्या.

"अप्पा, दहा झाले," मास्तर म्हणाले.

"शंभर मोजा की. पाठ कुटं लागलीय?"

"पाठ लागायचं काही नसतं यात. पुस्तकात आहे." मास्तरांनी पुस्तक काढलं.

"पुस्तक र्‍हाऊ द्या. हितं ताडपत्री हाय, हितं मानूस हाय. पोट लागलंय. पोट लागल्यावर कोन चीत हुतो?"

तंबूनं अप्पांना दाद दिली. डायव्हरसाहेब दोराला धरून "नॉकआउट! नॉकआउट!" म्हणत होते, लोकांना वाटलं, सिंहाला उठवतायत. भावाचा चेहरा मला आजही आठवतो. शब्दाचा घोळ तेव्हा त्याच्या ध्यानात आला. बापाचा हात लिंगावर होता आणि शब्द 'चीत' होता. जिंकून तो हरलेला होता. एकदम तो पालथ्या सिंहाकडे धावला, त्याला उलटा करायला.

मास्तर आडवे आले. "हात लावलास तर बाद! पडलेल्याला हात लावायचा नाही, पुस्तकात आहे!"

"सर, नुसतं उलटं करतो."

"बाद करीन!"

"सुम्म कुंद्र!" अप्पा गरजले. गप बस म्हणून. भावाला की मास्तरांना, ते कळलं नाही. दोघंही गप झाले.

तर अशी परिस्थिती होती. हात लावला तर मास्तर बाद करणार, नाही लावला तर अप्पा गादीवर बसवणार. तिघंही कमरेवर हात ठेवून उभे, हलगीवाल्यांना वाजवायचं की थांबायचं ते कळेना, बाहेर हत्ती. आणि ज्याच्यावरून हे सगळं चाललं होतं तो माणूस त्यांच्या पायाशी ताडपत्रीत नाक खुपसून पडला होता. त्याचा श्वास घरघरत होता. तोंडात ते रबर. ते घशाकडे सरकलं असतं तर कुठल्याच पुस्तकातून उत्तर मिळालं नसतं.

मी पदर खोचला, दोराखालून आत शिरले. मास्तर म्हणाले, "बाई, अजून निकाल..." मी म्हटलं, "व्हा बाजूला." सिंहाच्या खांद्याखाली एक हात घातला, कमरेखाली दुसरा, आणि त्याला उताणा केला. वॉर्डात रोज करायचं काम. पाठ ताडपत्रीवर धपकन आपटली, कारण गडी वजनदार होता.

पुढच्या क्षणी जो आवाज झाला तसा मी जन्मात ऐकलेला नाही. "लागली! लागली! चीत!" हलग्या, शिट्ट्या, टोप्या. हत्तीही ओरडला असेल, ऐकू आलं नाही. मी तोंडातलं रबर काढलं, गड्याला कुशीवर केलं, मान सरळ केली. तोवर अप्पांनी हात वर केला होता. तंबू गप्प झाला.

"पाठ लागलीया," अप्पा म्हणाले. परत ओरडा सुरू झाला. त्यांनी परत हात वर केला. "थांबा. पन लावली कुणी?"

मग मागून एक बारीक आवाज आला, "डाक्टरीनबाईनी."

"मग कुस्ती डाक्टरीनबाईची," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी डोक्यावरचा मानाचा फेटा काढून दोरावरून माझ्याकडे टाकला. कुस्ती मारणाऱ्याला फेटा द्यायचा, ही रीतच आहे. तंबू इतका हसला की बांबू हलले. मला त्या माणसाच्या डोक्याखाली काहीतरी हवंच होतं. मी फेट्याची गुंडाळी केली आणि त्याच्या मानेखाली सरकवली.

याच सुमाराला मास्तरांनी पुस्तकाप्रमाणे भावाला विजयी जाहीर केलं आणि त्याचा हात परत वर केला. त्याच्या धंद्यातल्या पहिल्या विजयाचा तो क्षण. कुणीच पाहिला नाही. मीही नाही, माझ्या हातात पेशंटची नाडी होती.

थोड्या वेळानं सिंहानं डोळे उघडले. पांढरी साडी दिसली म्हणून की काय, हात जोडले. मग म्हणाला, "ताई, मोडनिंबची यष्टी गेली का वो?"

"सिंगापूरची गेली," मी म्हटलं. "मोडनिंबची आहे अजून."

तो हसला, आणि ओठ फुटलेला असल्यानं लगेच थांबला. त्याला उठवून बसवला, डोळ्यासमोर बोटं धरून बघितली, आणि आज यष्टीनं जायचं नाही, सकाळी दवाखान्यात येऊन दाखवून मग जायचं, असं सांगितलं. तो आलाही.

घरी आल्यावर अप्पा लगेच जेवायला बसले. तंबूवाल्यानं बिदागीत निम्म्या नोटा आणि निम्म्या चादरी दिल्या होत्या. भाऊ त्या चादरी मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसला होता. नाक लाल, सुजलेलं. अव्वानं लावलेली हळद गालापर्यंत पसरलेली. विजेता असा दिसतो हे त्या दिवशी कुणाला सांगून पटलं नसतं.

शेवटी त्यानंच तोंड उघडलं. "अप्पा, मी जिंकलो की."

"कोन म्हंतो?"

"मास्तर म्हणाले. भोंग्यावर सांगितलं."

"मास्तरांनी लिंगावर हात ठिवला हुता का मी?"

"तुमी."

"काय म्हनलो हुतो?"

"समोरच्याला चीत केलं तर मुंबईला जायचं."

"केलं कुणी?"

भावानं माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलायची सोय नव्हती, सगळ्या सोलापूरनं पाहिलं होतं. "अक्कानं," तो म्हणाला.

"मग अक्का जाईल मुंबईला," अप्पा म्हणाले. "तिच्या त्या मैतरणी बोलवत्यात तितं. माझा शब्द हाय."

अव्वाच्या हातातलं भाताचं पातेलं तिथंच थांबलं. मैत्रिणी बोलावतात हे अप्पांना कुठून कळलं, ते मला आजतागायत माहीत नाही. मला जायचंय का, हे कुणी विचारलं नाही. जायचं होतं.

"ती एकटी?" अव्वा म्हणाली. "मुंबईत? पोरीची जात..."

"एकटी कशी जाईल? येडी हाईस का?" अप्पांनी ताटातला शेवटचा घास उचलला. "संगं घरातलं गडीमानूस नको? ह्यो जाईल की. सकाळी हिला दवाखान्यात पोचवायचं, सांजच्याला आनायचं. मधल्या येळंत रिकामाच असनार. तवा काय करायचं त्ये करू दे. उश्या बांधू दे, न्हाय तर गाद्या."

आणि ते हात धुवायला उठले. भावाला समजायला थोडा वेळ लागला. ठोसे खाल्लेले होते म्हणून मी ते चालवून घेतलं. समजल्यावर तो चादरींसकट उठला आणि अप्पांच्या पाया पडायला मोरीपर्यंत धावला. अप्पा म्हणाले, "माझ्या काय पडतूस? कुस्ती मारली तिच्या पड." पडला. हळद माझ्या पांढऱ्या साडीच्या काठाला लागली, ती पुढे निघाली नाही.

मुंबईत त्यानं मला दवाखान्यात पोचवलं ते पहिला आठवडाभर. नंतर मीच त्याला दवाखान्यात पोचवत होते: कधी बरगडी, कधी अंगठा, एकदा कान. अंडी मी उकडत होते, नाक धरून. सहा-सात वर्षं अशीच गेली, आणि एका रात्री तो खरंच देशाचा विजेता झाला. पट्टा मिळाला तो इतका मोठा की त्याच्या कमरेवरून घसरून पायात यायचा. दुसऱ्या दिवशी मी दाभणानं त्याला आणखी एक भोक पाडलं. फोटोत तो हात कमरेवर ठेवून उभा आहे, तो रुबाबासाठी नाही, पट्टा धरायला.

त्या सकाळी मी सोलापूरला ट्रंककॉल लावला. दुकानात आता फोन आला होता. अप्पांनी घेतला.

"अप्पा, जिंकला."

"पाठ लागली का?"

थाप मारणं सोपं होतं. पण अप्पांना कुस्तीबद्दल थाप मारायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

"न्हाय अप्पा. शेवटपर्यंत दोघंही उभेच होते."

"मग जिंकला कसा?"

"गुण मोजतात."

पलीकडे अप्पांनी हमालाला पोतं उतरवायला सांगितलं. मग अप्पा म्हणाले, "बरं. पट्टा सांबाळून ठेव म्हनावं. वापरू नको लई. परत मागितला तर द्याया बरा."

पट्टा अजून भावाकडेच आहे. अद्याप कुणी मागितलेला नाही.